सबमर्ज आणि ड्राउन

बंगळुरूतल्या आमच्या के. आर. पुरमच्या सोसायटीत बोअरवेलची मोटर दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक बेळगावकडचा आहे. काही सांगायचं असलं की आधी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसतो, मग बोलतो. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, तरी त्याच्या समजावून सांगण्याचा मला हेवा वाटतो.

एका रविवारी मी मुलीला ‘सबमर्ज’ आणि ‘ड्राउन’ यांतला फरक तिसऱ्यांदा समजावत होतो. ती जांभया देत होती. तो पाणी प्यायला दारात थांबला होता.

“सर, स्वल्प मी सांगू काय?” त्यानं हात पुसले. “बघ पुट्टी, आमची मोटर पाण्याखाली बुडूनच असते. ती सबमर्ज. तिथंच तिचं काम चालतंय. श्वास कोंडून जीव गेला, की ड्राउन.”

“आणि मी गोष्टीच्या पुस्तकात बुडाले तर?”

“मग सबमर्जच की! श्वास चालू आहे नव्हं?”

ती खळखळून हसली. माझ्या शिकवण्यावर ती अशी कधीच हसली नव्हती.

“मोटर झाली का?” मी तुटकपणे विचारलं. “झाली. सरी सर, येतो,” म्हणत तो निघून गेला.

सोमवारी वर्गात मी मोटरचंच उदाहरण दिलं. मुलं खूश झाली. एकीनं विचारलं, “सर, हे तुम्हाला सुचलं कसं?”

मी म्हणालो, “अनुभवानं.”