लिफ्टवर मोजलेला कोन

मामीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाणी भरून, दोन डबे करून, नवऱ्याच्या शिलाई मशीनला तेल घालून ती साडेसातला गॅरेजचं शटर वर ढकलायची. इथे येण्याआधी बस डेपोच्या वर्कशॉपात तिने बावीस वर्षं घासली होती. नातं कुणाशीच नव्हतं, पण गॅरेजात ती सगळ्यांची मामी.

त्या शनिवारी शाळेतल्या मास्तरांची गाडी तिसऱ्यांदा परत आली. गाडी त्यांच्या वडिलांची, पन्नास वर्षांची. मागचे कमानपाटे, म्हणजे धुऱ्यावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, नव्या घातल्यापासून पासष्टच्या वेगाला सीट थरथरायची. चाकं बॅलन्स झाली, टायर बदलले. थरथर तसूभर कमी झाली नाही.

"गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा, शाफ्ट, वाकलाय," गॅरेजचा मालक, शेठ, मास्तरांना सांगत होता. "नवा मागवतो."

मामीने पाना खाली ठेवला. "शाफ्ट सरळ आहे. काल फिरवून पाहिला, केसभरही डुलत नाही."

"मग काय भूत हलवतं?" हेडमिस्त्री म्हणाला.

मास्तरांना शेजारी बसवून मामीने गाडी रस्त्यावर काढली. पासष्टला थरथर सुरू झाली तशी गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंदावलं, थरथर मात्र तशीच. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. चाकं तिने कालच मागची पुढे करून पाहिली होती, फरक पडला नव्हता. आता शाफ्ट ज्या कोनात धरला होता, तो कोनच उरला.

"कोन मी स्वतः मोजलेत," परत आल्यावर हेडमिस्त्री म्हणाला. "गिअरबॉक्सची शेपूट तीन अंश खाली, मागच्या धुऱ्यावरच्या डिफरन्शियलचं, शाफ्ट जोडतो ते नाक तीन अंश वर. दोन्ही समांतर."

"कुठे मोजलेत?"

"लिफ्टवर."

"चाकं लटकत होती?"

"लटकणार नाहीत तर काय नाचणार?"

"गाडी लटकून चालत नाही. चाकांवर वजन आलं की पाटे दबतात, नाक फिरतं."

"मामी, नसती उठाठेव नको," शेठ म्हणाला. "चूक ठरलात तर सोमवारपासून येऊ नका."

"नाही येणार. पण तोवर शाफ्टला कुणी हात लावायचा नाही."

तिने चारही चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि पाठीवर सरकत खाली गेली. "शेठ, मागे बसा. वजन हवंय."

"मी?"

"गॅरेजात तुमच्याइतकं दुसरं कुणी भरत नाही."

मास्तर हसू दाबत पुढे बसले, शेठ मागे. मामीने मोजायच्या जागेवरचं ग्रीस पुसलं. मातीचा एक कण अर्धा अंश फसवतो. मग कोनमापक टेकवला. गिअरबॉक्स तीन खाली. नाक सात वर. पुसून पुन्हा मोजलं. सातच. मग तिने पाटा आणि धुरा यांच्यामधल्या लोखंडी पाचरी पाहिल्या. दोन्हींची जाड बाजू चुकीच्या दिशेला होती.

"पाचर दोन अंशांची," ती खालूनच म्हणाली. "उलटी बसली की फरक चार अंशांचा."

पाटे हेडमिस्त्रीनेच बसवले होते.

मागची बाजू उचलून बोल्ट सोडायचे, पाचरी फिरवायच्या, गाडी चाकांवर टेकवून बोल्ट पुन्हा आवळायचे. तीन तास गेले, खांदा भरून आला. तिने परत मोजलं. तीन खाली, तीन वर.

रस्त्यावर पासष्ट झालं. सत्तर. ऐंशी. मास्तरांनी सीटवर तळवा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"बाबांच्या वेळी अशीच चालायची," ते म्हणाले.

गॅरेजात शेठ पुढे आला. "बघा मास्तर, आमच्या हेडमिस्त्रीने शेवटी कोन लावून दिलेच."

"हेडमिस्त्रीने पाचरी उलट्या लावल्या होत्या," मामी हात पुसत म्हणाली. "सुलट्या मी केल्या."

"गिऱ्हाइकासमोर जरा तोंड आवरा."

"चूक ठरले असते तर नोकरी माझी गेली असती. मग काम दुसऱ्याच्या नावावर कसं?"

मास्तरांनी मान डोलावली. शेठ ऑफिसात निघून गेला.

सोमवारी मामीने साडेसातला शटर उघडलं. ये किंवा जा, कुणीच काही म्हणालं नाही. पुढची तीन वर्षं तिने तिथेच पगार घेतला, शेठशी कामापुरतं बोलली, आणि चौथ्या वर्षी काम सोडलं.

"लोक घरावर मजला चढवतात," नवरा म्हणाला, "आमची बाई खाली जाते."

त्या तीन वर्षांच्या पगारातून तिने घरापुढच्या जागेत सहा फूट खोल, सिमेंटचा पक्का खड्डा बांधून घेतला. आता गिऱ्हाइकाची गाडी वर चारही चाकांवर उभी राहते, आणि मामी खाली ताठ उभी राहून मोजते.