औषध नसलेली रांग

"काही न घालता काय होतं, ते आधी बघा," असं आक्का नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची.

बावीस वर्षं तिने प्रयोगशाळेत पाला वाळवला, कुटला, स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला. खळग्यांच्या आठ रांगा असलेल्या काचेच्या तबकडीत कर्करोगाच्या पेशी वाढवलेल्या असत. सात रांगांत ती अर्क सोडी, आठवीत तुलनेसाठी नुसतं स्पिरिट. जिवंत पेशी तळाला चिकटून पसरतात. मेल्या की मोहरीसारख्या गोल होऊन तरंगतात.

सर संस्थेत नवखे संशोधक म्हणून आले तेव्हा थेंब सोडताना त्यांचा हात थरथरायचा. आक्कानेच तो स्थिर केला. पुढे ते साहेब झाले, तरी तिच्या डब्यातली भाजी न विचारता उचलायचे. तिला त्याचंही कौतुक.

एका कडू पाल्याच्या अर्काने सातही रांगांतल्या पेशी मेल्या. सर हरखले. आक्काने आठवी पाहिली, तर तीही मेलेली. स्पिरिटच जास्त झालं होतं; पाल्याने काही केलं, याचा पुरावाच नव्हता. तिने तसं वहीत लिहिलं, सरांना दाखवलं. पुन्हा करू, म्हणाले.

पंधरा दिवसांनी पेपरात, कर्करोगावर पाला सापडल्याच्या बातमीसोबत, तबकडीचा फोटो आला. त्यात रांगा सातच होत्या. खाली छापलं होतं, बावीस वर्षांच्या अनुभवी हातांनी तपासलेलं.

आक्काच्या धाकट्या बहिणीच्या छातीत कर्करोगाची गाठ होती. ऑपरेशनची तारीख ठरलेली. बातमी वाचून बहिणीने ती रद्द केली आणि तोच पाला उकळून प्यायला लागली. आक्काने परोपरीने समजावलं.

"तुझ्या हातचं आहे म्हणून तर घेते," बहीण म्हणाली. "आता तूच नाही म्हणतेस? पेपरात तर सरांनी सांगितलंय."

आक्का सरांकडे गेली. चूक झाली असं छापून आणा, म्हणाली. ते म्हणाले, आता मागे फिरलो तर माझं सगळं जाईल, जरा सांभाळून घ्या.

"मग निदान माझ्या बहिणीला खरं सांगा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

सरांनी टेबलावरचे कागद नीट केले. "तिला सांगितलं की गावभर होईल, आक्का."

ती कपाटाकडे वळली. आतून आठव्या रांगेची नोंद असलेली वही काढली.

"वही संस्थेची आहे," सर म्हणाले.

"अक्षर माझं आहे."

वही छातीशी धरून ती फाटकाबाहेर पडली आणि बहिणीच्या घराच्या रस्त्याला लागली. सर खिडकीत उभे होते. पहारेकऱ्याला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण मग मिटलं. ती वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले.