बिनचामड्याची मोटार

युरोपातलं मोठं युद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा धारच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. गावात इंग्रजी वाचणारे माझ्यापेक्षा हुशार लोक पुष्कळ होते, पण संध्याकाळी रिकामा सापडणारा बहुधा मीच असावा. म्हणून एके दिवशी सरदारसाहेबांचा माणूस बोलावणं घेऊन आमच्या दारात उभा राहिला. बायकोनं धुतलेलं उपरणं काढून दिलं आणि हळूच विचारलं की तुम्ही काय करून ठेवलंत. मी काहीच केलं नव्हतं, तरी वाटेत शाळेतला सगळा आठवडा आठवून पाहिला.

सरदारसाहेब उंचेपुरे, भारदस्त आणि स्वभावानं अगदी मऊ. त्यांनी मोटार घ्यायचं ठरवलं होतं. मुंबईच्या एजंटानं विलायतेच्या कारखान्याचं चित्रांचं पुस्तक पाठवलं होतं, आणि त्याबरोबर मागणीचा एक लांबलचक छापील कागद. तो कागद वाचून, उत्तरं विचारून, इंग्रजीत भरायचं काम माझं.

आता लोकांना नवल वाटेल, पण त्या काळी मोटार तयार मिळत नसे. इंजिन आणि खालचा सांगाडा कारखाना करी. वरचं अंग गिऱ्हाईक सांगेल तसं. रंग कोणता, दिवे किती, पायरी केवढी, हे सगळं आधी लिहून द्यायचं. मग तो लिहिलेला कागद गाडीबरोबर एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जाई, आणि गाडी पुरी झाली की एक प्रत गिऱ्हाइकाला मिळे व एक कारखान्याच्या दप्तरी कायमची राही. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या शाळेची नवी खोली बांधताना कोणी असं काही लिहून ठेवलं असतं तर तिचं दार भिंतीवर उघडलं नसतं.

पहिलाच अडला तो उंचीचा प्रश्न. बसलेल्या सर्वांत उंच माणसाची उंची किती, असं कारखान्यानं विचारलं होतं. सरदारसाहेब म्हणाले, "पगडीसकट की पगडीशिवाय?" कागदावर पगडीचा उल्लेख नव्हता. शिंप्याला बोलावून साहेबांना खुर्चीवर बसवलं आणि पगडीच्या टोकापर्यंत माप घेतलं. पुढे कारखान्याकडून पृच्छा आली की गृहस्थ गाडीत बसताना टोपी काढून ठेवू शकतील काय. मी उलट टपालानं कळवलं की शकणार नाहीत.

पण खरी उत्तरं पलीकडून येत होती. दिवाणखान्याच्या एका बाजूला बांबूच्या काड्यांची चिक सोडलेली असे आणि तिच्यामागे बाईसाहेब, म्हणजे सरदारसाहेबांच्या पत्नी, बसत. मी प्रश्न वाचला की साहेब दाढी कुरवाळत विचार करीत, आणि तेवढ्यात चिकेमागून उत्तर येई. बैठक किती रुंद? मांडी घालून बसता येईल एवढी. आतलं अस्तर? बाग गावचं लाल-काळं छापाचं कापड, ते आपण इथून पाठवू. बैठकीला चामडं कोणत्या रंगाचं, असा प्रश्न आला तेव्हा मात्र चिकेमागून रंग आला नाही.

"चामडं नको," बाईसाहेब म्हणाल्या. "मी नर्मदेवर स्नान करून सोवळ्यानं परत यायची. लिहा, गाडीत कुठेही चामडं नको."

मी शब्दाला शब्द ठेवून लिहिलं. बागहून कापड आलं, त्याचं गाठोडं कागदांबरोबर मुंबईला गेलं, आणि मी पुन्हा मुलांच्या स्पेलिंगांकडे वळलो.

उत्तर आलं ते हिवाळ्यात. कारखान्यातल्या कोणा सज्जनानं मनापासून लिहिलं होतं. बैठकीवर, टपावर, पट्ट्यांना, कुठेही चामडं लावणार नाही, हे कबूल. पण गाडीत क्लच नावाचा एक भाग असतो आणि त्यावर चामडं असतं. 'कुठेही' या शब्दात तोही धरायचा का? धातूचा करून देऊ, पण गाडी निघताना हिसके बसतील. बाईंची इच्छा कळवावी.

त्या पत्रानं घरात चांगली खळबळ उडाली. गाडीच्या पोटात चामडं आहे हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. घरच्या शास्त्रीबुवांना बोलावलं. त्यांनी पत्र मला दोनदा वाचायला लावलं, डोळे मिटले, आणि निर्णय दिला की देवापुढे मृदंग वाजतो तोही चामड्याचाच. जे दृष्टीआड आणि स्पर्शाबाहेर आहे त्याचा विटाळ नाही. सरदारसाहेबांना एकदम हायसं वाटलं. शास्त्रीबुवांना मोटारीनं नर्मदेकाठी महेश्वरला जायची फार दिवसांची इच्छा होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बाईसाहेबांचं समाधान झालं नाही. त्यांनी चिकेमागून मला विचारलं की ते चामडं तिथे करतं काय. मला क्लच म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. दोन दिवस मागून घेतले, पुस्तकातलं चित्र पाहत बसलो, आणि जमेल तसं सांगितलं. एका वाटीत शंकूच्या आकाराचा एक तुकडा जाऊन घट्ट बसतो. वाटी इंजिनाबरोबर फिरते, मग शंकूही फिरतो आणि त्यामुळे चाकं. शंकूवर चामडं नसेल तर वाटीत तो नीट धरत नाही.

"म्हणजे चामडं धरून ठेवतं म्हणून गाडी चालते."

"हो, बाईसाहेब."

त्या म्हणाल्या, "आजवर मी छकड्यातनं गेले. बैल तरी कशात गुंडाळलेला असतो? राहू दे ते चामडं. पण चोरून नको. मला माहीत आहे असं लिहा त्यांच्या कागदावर."

मी लिहिलं. मनात म्हटलं, कारखानेवाले हसतील. कोणी हसलं असेल तर मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी मोटार आगगाडीनं महूला उतरली आणि तिथून मुंबईच्या ड्रायव्हरनं चालवत धारला आणली. गडद हिरवी, टप उंच, बागचं अस्तर मात्र असं नेमकं बसवलेलं की छापातली वेल एका दारावरून निघून मागच्या पाठीवरून सरळ दुसऱ्या दारावर जाई. विलायतेतल्या कोणा कारागिरानं वेल न तोडण्याची एवढी काळजी घेतली, याचं मला राहून राहून नवल वाटलं. सोबत कारखान्याचा कागद होता. सरदारसाहेब त्याला गाडीची पत्रिका म्हणू लागले आणि पाहुणे आले की माझ्याकडून वाचून घेऊ लागले. इंजिनाचा क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, रंगाचे हात, चाकांचं माप, आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात: क्लचमधील चामड्याची बाईंना कल्पना आहे. मी एवढं वाचलं की चिकेमागे बांगड्या वाजत.

पहिला लांबचा प्रवास अर्थातच नर्मदेचा. पहाटे निघालो. पुढे ड्रायव्हर आणि मी, कारण गाडीबरोबर आलेलं चालवण्याचं पुस्तक इंग्रजीत होतं. मागे सरदारसाहेब, शास्त्रीबुवा आणि मधल्या पडद्यापलीकडे बाईसाहेब मांडी घालून. गुजरीचा घाट मजेत उतरलो. खलघाटला स्नानं झाली, शास्त्रीबुवांनी संकल्प जरा लांबवला, आणि ऊन चढायच्या आत परत फिरलो.

घाटाच्या अर्ध्या चढावर गाडीनं ओढणं सोडलं. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि चाकं जागच्या जागी. ड्रायव्हरनं खाली वाकून पाहिलं आणि हिंदीत सांगितलं की तेल गळून क्लचच्या चामड्यावर गेलं आहे, आता ते घसरणार. मुंबईला त्याच्या गॅरेजात त्यावर टाकायची एक पावडर असे. तिचा डबा धारला राहिला होता.

खालून येणारा एक बैलगाडीवाला थांबला. त्यानं बैलांना पाणी पाजलं, आमच्याकडे पाहिलं आणि ही थकली की काय, असं माळवीत विचारलं, "भिया, या थाकी गी कंई?" मग बैल जोडून देऊ का म्हणाला. सरदारसाहेब पळसाखाली दगडावर बसून त्यावर विचार करू लागले. बैलांनी ओढलेली मोटार धारच्या बाजारातून जाईल, हे चित्र त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी पुस्तक काढलं. क्लच घसरल्यास काय करावं ते त्यात होतं, आणि त्या पावडरीचं नावही होतं: फुलर्स अर्थ. अर्थ म्हणजे माती, एवढं शाळेत शिकवत आलो होतो. फुलर म्हणजे कोण, हे नीट आठवेना. ड्रायव्हरला त्या पावडरीचं आमच्याकडचं नाव ठाऊक नव्हतं. शास्त्रीबुवा म्हणाले की भस्म चालेल का. भस्म थोडंच होतं.

पडद्यामागून बाईसाहेबांनी विचारलं, "काय शोधताय, मास्तर?"

मी सांगितलं की कसलीशी माती हवी आहे. पूर्वी लोकर धुणारे तिनं लोकरीतलं तेल काढीत, असं अंधुक आठवतं.

"तेल काढायची माती म्हणजे मुलतानी माती," त्या म्हणाल्या. "मी केसांना लावते ती. सकाळी नदीवर थोडीच वापरली."

पडद्याच्या कडेतून हात बाहेर आला. हातात पितळी डबी. ड्रायव्हरनं झाकण उघडलं, चिमटीत माती चोळून पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. हीच ती, तो म्हणाला, मुंबईत हिला निळा डबा असतो एवढंच. त्यानं पायाखालची फळी उचलली, फडक्यानं तेल पुसलं आणि मुठीनं माती आत सोडली. मग इंजिन सुरू केलं. गाडीनं एक आचका दिला आणि चढू लागली. सरदारसाहेबांना आम्ही पुढच्या वळणावर घेतलं, कारण मध्ये थांबायची ड्रायव्हरची छाती होईना. ते पगडी सावरत, हसत, जवळजवळ धावतच आले.

घाट संपून सपाटी लागली तेव्हा बाईसाहेबांनी आपल्या बाजूचा पडदा वर गुंडाळला. वारा आत आला. शास्त्रीबुवा दुसरीकडचं रान पाहत होते.

मुलतानी मातीचा उपयोग झाल्याचं कारखान्याला कळवा, असं मला दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपल्या गाडीच्या नोंदीत हे लिहून ठेवलं आहे, बाईंचे आभार. ते उत्तर बाईसाहेबांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि परत दिलं नाही.

ही मोटार पाहून सरदारसाहेबांचे देवासचे व्याही अस्वस्थ झाले. त्यांनाही हवी. मागणीचा कागद भरायला मला देवासला बोलावलं आणि बायकोलाही आणा म्हणाले, कारण तिकडे उन्हाळ्यात टेकडीवर देवीला जाता येतं. देवासात तेव्हा दोन राज्यं एका गावात नांदत. व्याह्यांचं घर रस्त्याच्या या बाजूला एका राज्यात, आणि तबेला समोर दुसऱ्या राज्यात.

पोचलो तर काम झालेलं. सरदारसाहेबांची लेक त्या घरची सून. लग्नाआधी माहेरी मडमेकडून इंग्रजी शिकलेली. तिनं सगळा कागद स्वच्छ अक्षरात भरून ठेवला होता. मला एकदोन शब्द विचारले, सरबत दिलं, आणि कागद सासऱ्यांपुढे सहीला ठेवला. मी तो वाचून दाखवू लागलो. गाडी कोण चालवणार, मालक की पगारी ड्रायव्हर, या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं: मालक. सासऱ्यांना ते फार आवडलं. सुनेनं आपल्यावर केवढा भरवसा टाकला म्हणून त्यांनी झोकात सही केली. मी सुनेकडे पाहिलं. ती माझ्या बायकोला आणखी सरबत वाढत होती.

गाडी आली तेव्हा सासऱ्यांनी तबेल्याच्या अंगणात दोनदा चालवून पाहिली आणि दोन्ही वेळा ती कडब्याच्या गंजीत शिरली. तिसऱ्या दिवशी सून चाकामागे बसली. पुढे कितीतरी वर्षं उज्जैनच्या रस्त्यावर सकाळी ती दोघं दिसत. ती शांतपणे गाडी चालवी, आणि सासरे शेजारी बसून वाटेतल्या गुरांना मोठमोठ्यानं हाका मारीत, कारण भोंग्यावर त्यांचा विश्वास नव्हता.