सोमवारचं शिखर

आता हसणारच असाल तर आधी पेल्यातली कापी पिऊन संपवा, मग सांगतो माझं शहाणपण मला कसं नडलं ते!

मी तंजावुरातल्या एका सरकारी दवाखान्यात कारकून. तापाच्या रोग्यांच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, बस. वर्षानुवर्षं तेच. जीव विटला हो! यंदा तापाची साथ आली, तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला आलेख काढायला शिकवला. ज्या दिवशी जितके नवे रोगी, तितकी उंच काडी. झालं! मी स्वतःला संशोधक समजायला लागलो.

बघतो तर काय, दर रविवारी शून्य आणि सोमवारी थेट मोठ्या देवळाचं शिखर! म्हणजे रविवारी कुठंतरी माणसं जमतात आणि ताप घेऊन घरी जातात. कुठं? अहो, आमच्याच ओसरीवर!

माझी थोरली बहीण, अक्का, दर रविवारी गल्लीतल्या मराठी घरांतल्या आठ पोरांना मराठी वाचायला शिकवते. पोरांना मराठी कळतं, पण तोंड उघडलं की तमिळ. त्यातल्या दोघांना ताप आलेला.

"अक्का, वर्ग बंद."

"अय्यो! का रे?"

"आलेख सांगतो."

"आत्ता कुठं 'ळ'पर्यंत आलीत रे! एकदा सुटली की परत यायची नाहीत."

"नाही म्हणजे नाही!"

तीन आठवडे अक्का माझ्याशी बोलली नाही. कापी तेवढी आदळून ठेवायची. मलाही वाईट वाटत होतं. आणि शिखर? तिन्ही सोमवारी जागच्या जागी!

शेवटी आलेख मॅडमना दाखवला.

"रविवारी कुणाला ताप येत नाही?"

"येतो की. चिठ्ठ्या पडून असतात."

"मग चढवतं कोण?"

"मीच, सोमवारी. रविवारी मला सुट्टी ना!"

"आणि तारीख?"

"...सोमवारची."

दोन दिवसांचा ताप मी एका सोमवारच्या माथी मारत होतो!

अक्काची माफी मागितली. वर्ग सुरू झाला, पण पाचच पोरं आली. तिघांना घरच्यांनी रविवारी गणिताच्या शिकवणीला घातलेलं. काय शिकतात तिथं? आलेख!

"तू घालवलीस, तूच आण," अक्का म्हणाली.

आता रविवारी सकाळी मॅडमच्या हुकमानं चिठ्ठ्या चढवतो आणि दुपारी त्या तिघांच्या दारांत विनवण्या करतो. अहो, सोमवारी अंथरुणातून उठवत नाही! काल माझ्या थकव्याचा आलेख काढून बघितला. सोमवारी हे एवढं शिखर.

आणि ह्या वेळी तारीख अगदी बरोबर आहे हो!