चष्म्याचं फडकं

अंबरनाथच्या आमच्या कॉलेजातले लॅबवाले काका शिरगावहून येतात. प्रयोग सुरू करण्याआधी खिशातल्या मऊ फडक्यानं चष्मा पुसतात. गार प्लेटवर पाण्याचे थेंब ठेवताना श्वास रोखून धरतात. थेंब गोठून पांढरा झाला की म्हणतात, ‘हा गेला बघा, मॅडम,’ आणि मी तापमान लिहिते.

त्या दिवशी सगळे थेंब उणे आठ अंशांलाच गेले. स्वच्छ थेंब उणे वीसपर्यंत सहज तग धरतो. कचरा असला की लवकर गोठतो. माझे मार्गदर्शक सर भडकले. मी पटकन बोलून गेले, ‘काकांनी प्लेट नीट पुसली नसेल.’

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ऱ्हायलं असंल, सर. परत करू.’

खरं तर त्यांनी लख्ख पुसलेल्या प्लेटला माझं बोट लागलं होतं आणि मी तो डाग घाईघाईत ओढणीनं पुसला होता. कोणी पाहिलं नाही, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आम्ही दोघंच असताना काकांनी आपलं फडकं धुऊन आणून माझ्यापुढे ठेवलं. ‘ओढणीचे धागे सुटतात, मॅडम. यानं पुसत जा.’

सरांना मी अजून काही सांगितलेलं नाही. काका आता चष्मा शर्टाच्या टोकानं पुसतात.