लक्ष्मीपावलाचं घर

रविवारी सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीहून बस धरली तेव्हा एकच ठरवलं होतं. आबांनी घातलेला एक तरी कोबा डोळ्यांनी बघायचा. माझ्याबरोबर प्रशिक्षणाला आलेल्या मुली राजवाडा बघायला गेल्या. माझं राजवाड्यात काही काम नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. निपाणीचे गवंडी. तरुणपणी ते इथं चामराजपेटेत लाल कोबा घालायचे. सिमेंटात लाल रंग कालवायचा आणि तोंड दिसेपर्यंत थापीनं घोटायचं. त्या घोटण्यावरच मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. पण एक काम त्यांच्या मनातून जात नाही. कोबा ओला असताना घरमालकाची लहान मुलगी त्यावर चढली आणि एक पाऊल उमटलं. आबा म्हणाले, उकरून नव्यानं घालतो. मालकीणबाई नको म्हणाल्या. "तिथनंच चीर गेली असणार," असं आबा अजून जेवताना मध्येच म्हणतात.

खूण एवढीच होती : मारुतीच्या देवळामागची गल्ली, दारात दगडी जगली (ओटा). गल्ली सापडली, पण जगली एकही दिसेना. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, खाली गाड्या. अशाच एका इमारतीखाली एक म्हाताऱ्या बाई खुर्ची टाकून अवरेकाळू (वालाचे दाणे) सोलत बसल्या होत्या. इथली जुनी घरं कुठं गेली, हे विचारणारं माझं मोडकं कन्नड ऐकून त्या हसल्या.

"मराठी बोल की गं. आम्ही शिंप्यांचे, इथलेच. सरोजक्का म्हण मला."

दाण्यांचं ताट खुर्चीवर ठेवून त्या निघाल्याच. "हे तंबाखूवाल्यांचं. हे वीणेच्या टीचरचं. हे आमचं." त्या बोट दाखवत होत्या तिथं आता कुठं एटीएम, कुठं जिम. "ऑटोवाल्याला मी अजून तंबाखूवाल्यांच्या घराशी थांब म्हणते."

"आणि तो थांबतो?"

"न थांबून कुठं जाईल?"

मी पावलाची गोष्ट सांगितली. सरोजक्का जागीच उभ्या राहिल्या. "लक्ष्मीपावलाचं घर? अगं, ते कालपासून पाडायलेत. चल बिगीनं."

छप्पर गेलं होतं, भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या. पिवळं मशीन घुरघुरत होतं. मुकादम हात आडवा करून म्हणाला, "ओळगे बरबेडि (आत येऊ नका)."

"अण्णा, स्वल्प निल्लिसि (जरा थांबवा). हा कोबा माझ्या वडिलांनी घातलाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. सरोजक्का त्याला कन्नडमध्ये म्हणाल्या, "जा, चहा पिऊन ये. घर कुठं पळून चाललंय?"

"सरी (बरं)," म्हणून तो गेला.

मी विटांचे तुकडे बाजूला केले, बाटलीतलं पाणी ओतलं आणि गुडघे टेकून ओढणीनं पुसायला लागले. मधल्या खोलीत धुळीखालून लाल रंग वर आला, कालच घोटल्यासारखा. मग कोपऱ्यात पाऊल दिसलं. माझ्या तळहातापेक्षा लहान, पाचही बोटं स्पष्ट.

आबांना व्हिडिओ कॉल लावला. सरोजक्कांनी फोन ओढूनच घेतला. "तुम्हीच का ते मेस्त्री? गौरीला गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका इथं जमायचो. पहिलं हळदकुंकू ह्या पावलाला, मग गौरीला."

आबांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग मला म्हणाले, "चीर गेलीय का बघ."

"नाही, आबा."

"नुसतं बघू नको. नख फिरव."

मी टाचेपासून बोटांपर्यंत नख फिरवलं. कुठंच अडकलं नाही.

"नाही आबा. कुठंच नाही."

"मग पाडू दे त्यांना," आबा म्हणाले.

सरोजक्कांच्या वरच्या मजल्यावरच्या घरी अवरेकाळू घातलेलं गरम उप्पिट्टु (उपीट) खाल्लं. खाली मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही दोघींनी घास थांबवला नाही.

परतीच्या बसमध्ये बघितलं, माझ्या सलवारीचे गुडघे विटकरी झाले होते. ते मी झाकले नाहीत. घरातली पहिली पदवीधर, असं मी सगळीकडं अभिमानानं सांगते. यापुढं कोब्याचंही सांगेन, आणि आधी सांगेन.

खोलीत पुण्याची मैत्रीण फोनवर राजवाड्याचे फोटो लावत होती. "तू काय एक्सप्लोर केलंस?"

"एक घर."

"संडेला ओपन असतं?"

"आजच होतं," मी म्हणाले.