दानाचं पाकीट

तिसगाव, शनिवार, १७ मे १९४७.
सकाळच्या मोटारीने नगरला गेलो, दादाच्या तेराव्याची खरेदी केली आणि दिवेलागणीला परतलो.

शिक्षक मित्रांनो, आपली फिरती वही या वेळी माझ्याकडे अडकली. माझा थोरला भाऊ गेला.

आमच्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावाने नव्या वस्तू दान देतात. छत्री आणि चपला घेऊन झाल्या. दादाला कातडी पाकिटाची हौस होती, म्हणून चुलत्यांबरोबर एका दुकानात शिरलो.

दुकानदाराने विचारलं, "वापरायचं का दानाचं?"

दानाची पाकिटं वेगळ्या टोपलीत होती. वरून पातळ कातडं, आत पुठ्ठा.

"दानाचंच दावा," चुलते म्हणाले.

"मला वापरायचं दाखवा," मी म्हणालो.

"आरं, त्यो आता खिशात घालनार हाय व्हय?"

दुकानदाराने जाड पाकीट पुढे केलं. "उलटं दुमडून बघा, मास्तर. पांढरी रेघ उठली न्हाई, तर धा वर्सं काळजी न्हाई."

रेघ उठली नाही. शिवणही दुहेरी होती. मी तेच घेतलं.

चुलते वाटभर कुरकुरत होते, पण त्यांच्यावर रागावायचा मला हक्क नाही. दिवाळीत दादाने पाकीट मागितलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "शेतात कुणाला दाखवणार आहेस?" जिवंतपणी मी त्याला टोपलीतलंसुद्धा आणलं नाही.

तुमच्या घरीही टिकाऊ वस्तू माणूस गेल्यावरच निवडतात का? वहीत खरं लिहा.

चुलते त्यांच्या घरी गेले. मी आडावर जाऊन दोन घागरी पाणी आणलं.